लाल फितीतला रेडिओ

शनिवारी संध्याकाळी वहिनी रेडिओवर बोलणार होत्या आणि घरातला रेडिओ मुका झाला होता. एरवी तो वर्षभर मुका राहिला असता तरी कोणी त्याची चौकशी केली नसती. पण वस्तूंना माणसाची वेळ बरोबर साधता येते. चष्म्याची काडी सहीच्या वेळी मोडते आणि कुलूप घाईच्या वेळी अडकतं, तसाच हा रेडिओ.

वहिनी म्हणजे हेडक्लार्कांची बायको. इमारतीत सगळेच त्यांना वहिनी म्हणत, अगदी समोरच्या दारातले निवृत्त स्टेशनमास्तरसुद्धा. हेडक्लार्कांना मात्र तोंडावर ‘साहेब’ आणि पाठ वळली की ‘फितोबा’ म्हणत. त्यालाही कारण होतं. कचेरीतला आवक-जावक विभाग त्यांच्या हाताखाली होता आणि सुटं दिसेल ते लाल फितीने बांधायचं ही खोड ते कचेरीतून घरी घेऊन आले होते. छत्र्या फितीत, झाडू फितीत, उन्हाळ्यात गुंडाळून ठेवलेल्या रजया फितीत. मुलगी लग्न होऊन गेली म्हणून वाचली, असं स्टेशनमास्तर म्हणत.

“हे बघा,” आठवड्याच्या सुरुवातीला वहिनी म्हणाल्या होत्या, “मला कौतुक नको, हार नको. दहा मिनिटांचं भाषण आहे. ते आपल्या घरात, आपल्या सेटवर, हातात काही न घेता ऐका. पेपर नको, कात्री नको, फीत नको. आणि मी घरी आले की मी काय बोलले ते मला सांगा.”

“हं,” हेडक्लार्क म्हणाले. ते तेव्हा कपाटातल्या जुन्या कॅलेंडरांची जुडी बांधत होते.

मग खोलीतली शांतता त्यांच्या लक्षात आली आणि त्यांनी वर बघितलं. वहिनी चिडलेल्या नव्हत्या, हीच भीतीची गोष्ट होती. चढ्या आवाजातलं भांडण जेवणापर्यंत विरून जातं. हळू आवाजातलं बोलणं मात्र घरात मुक्कामाला राहतं. या वेळी चुकलो तर पुन्हा संधी नाही, हे हेडक्लार्कांना आतून कळलं.

दुरुस्तीवाल्याने सेटकडे न बघताच सांगितलं, “ठेवून जा. पुढल्या आठवड्यात बघू.”

“शनिवारी लागतोय हो.”

“पुढल्या आठवड्यात शनिवार येतो की.”

“ह्या शनिवारी.”

“मग न्या घरी.”

हेडक्लार्कांनी सेट पोटाशी धरून घरी आणला. वाटेत रस्त्यावरच्या जुन्या पुस्तकांत त्यांना एक रेडिओदुरुस्तीची पुस्तिका मिळाली. तिचं पहिलंच प्रकरण वाचून ते इतके खूश झाले की जेवताना ती ताटाशेजारी उघडी ठेवून बसले. पुस्तिका म्हणत होती की एरियलवर येणारा आवाज इतका बारीक असतो की तो आहे हेसुद्धा विश्वासावर घ्यावं लागतं. पहिली पायरी त्याला जरा मोठा करते आणि दुसरीकडे सोपवते, दुसरी आणखी मोठा करून तिसरीकडे, आणि शेवटची पायरी त्याला स्पीकर हलवण्याइतकं बळ देते. या पायऱ्यांना ॲम्प्लिफायर म्हणतात.

“अगं, ही तर कचेरी झाली,” हेडक्लार्क म्हणाले. “एक माणूस खिडकीशी येऊन पुटपुटतो की गल्लीतला दिवा लागत नाही. खिडकीवाला त्याचा अर्ज करतो, टेबलावरचा त्याचं टिपण करतो, विभाग त्याचा अहवाल करतो आणि शेवटी मोठे साहेब गर्जना करतात.”

“आणि दिवा?” वहिनींनी विचारलं.

“दिव्याचा विभाग वेगळा.”

ओघात त्यांनी खुर्चीची हकिकतही सांगितली. ती सांगितल्याशिवाय त्यांचा कुठलाच विषय पुरा होत नसे. एकदा कचेरीच्या भिंती रंगवायला काढल्या तेव्हा जावकचं टेबल उचलून आवकच्या टेबलाला चिकटवून ठेवलं होतं. मोडक्या खुर्चीबद्दलचं एक पत्र जावकच्या ट्रेमधून घसरून आवकच्या ट्रेमध्ये पडलं. आवकने ते नवं पत्र समजून वर पाठवलं, वरून ते शेरा मारून जावकला आलं, आणि पुन्हा घसरलं. प्रत्येक फेरीत त्याला शेरे, जोडपत्रं आणि स्मरणपत्रं चिकटत गेली. शेवटी मोडक्या खुर्चीची मागणी सबंध कचेरीचं फर्निचर बदलण्याच्या प्रस्तावाएवढी झाली आणि सगळ्या टेबलांवरचे फोन एकदम वाजायला लागले. तेव्हा हेडक्लार्कांनी स्वतःच्या हातांनी दोन्ही टेबलं ओढून लांब केली आणि कचेरी शांत झाली. वहिनींनी ही हकिकत किती वेळा ऐकली असेल याची गणती नाही, पण दर वेळी योग्य जागी त्या “मग?” म्हणत. आजही म्हणाल्या.

इमारतसुद्धा एक रेडिओच असते, फक्त तिला घरच्या रेडिओसारखा सरकारी परवाना लागत नाही. वहिनी वरच्या मजल्यावरच्या शिकवणीवाल्या बाईंना हळूच बोलल्या होत्या की रेडिओवर छोटंसं भाषण आहे. बाईंनी ते तळमजल्यावरच्या शिंप्याला सांगितलं तेव्हा त्याची भाषणमाला झाली होती. शिंप्याकडून ते स्टेशनमास्तरांकडे पोचलं तोवर वहिनींना रेडिओची कायमची नोकरी लागली होती आणि हेडक्लार्क राजीनामा देऊन घरी बसणार होते. स्टेशनमास्तरांनी जिन्यात त्यांचं सांत्वनही केलं.

तर दुरुस्ती. पुस्तिकेतली रीत सोपी होती. स्पीकरच्या टोकाकडून सुरुवात करायची आणि उलटं मागे जात एकेका पायरीला पेचकसाचं टोक लावायचं. जिवंत पायरी गुरगुरते. जिथे गुरगुर थांबली तिथे दुखणं. हेडक्लार्कांनी पेचकस लावला आणि कान स्पीकरला लावला. पलीकडच्या खोलीत वहिनी भाषणाचा सराव करत होत्या.

“अगं, जरा गप्प बस ना,” हेडक्लार्क ओरडले. “मला ऐकू येत नाही.”

वहिनी गप्प बसल्या. शेवटची पायरी गुरगुरली, तिच्या आधीची गुरगुरली. पलीकडे पुन्हा दबक्या आवाजात सराव सुरू झाला.

“अगं, शू!”

मग पलीकडून आवाज आला नाही. हेडक्लार्कांना ते बरंच वाटलं. मधली एक पायरी मेलेली निघाली, आणि ती मेलेली असल्याची खात्री करताना त्यांना असा झटका बसला की ते टेबलापासून थेट पलंगावर जाऊन बसले. पण मुखावर विजय होता. त्या पायरीतला काचेच्या नळीसारखा व्हॉल्व्ह गेला होता, नवा आणला की काम फत्ते.

नवा व्हॉल्व्ह मिळणं हे मात्र काम होतं. दुकानदार म्हणाला, सेटचा परवाना दाखवा. परवान्याची मुदत संपली होती. परवान्याच्या खिडकीवरचा कारकून म्हणाला, सेट चालू असल्याचा दाखला आणा, बंद सेटला आम्ही परवाना देत नाही. सेट चालू करायला व्हॉल्व्ह हवा, व्हॉल्व्हला परवाना, परवान्याला चालू सेट. दुसरा कोणी असता तर डोकं फोडून घेतलं असतं. हेडक्लार्क क्षणभर त्या नियमाकडे जाणकाराच्या कौतुकाने बघत राहिले. मग त्यांनी ‘सेट चालू करण्याच्या अधीन राहून चालू समजावा’ असा अर्ज स्वतःच लिहिला आणि खिडकीवरच्याने तो आदराने मंजूर केला.

व्हॉल्व्ह बसवला. इथे ते थांबले असते तर ही गोष्टच झाली नसती. पण सेट उलटा केल्यावर आतल्या वायरी दिसल्या आणि हेडक्लार्कांच्या जिवाला लागलं. काय तो गबाळेपणा! एक वायर जवळच्या वाटेने जायची सोडून पेटीच्या कडेकडेने लांबचा वळसा घेत होती. दुसरी तिला टाळून भलतीकडून जात होती. शेजारी-शेजारी दोन वायरी सरळ म्हणून कुठे नव्हत्या. कारखान्यात हेडक्लार्क नसल्याचा हा परिणाम, असं त्यांचं मत झालं. त्यांनी एरियलची वायर, स्पीकरची वायर आणि आतल्या झाडून सगळ्या वायरी विंचरून एका ओळीत घेतल्या आणि त्यांची लाल फितीने जुडी बांधली. बोट-बोट अंतरावर गाठी मारल्या. मागे सरून बघितलं तर सेटचं पोट एखाद्या नीट फाईलसारखं दिसत होतं. त्यांना वाटलं, बनवणाऱ्याने हे बघितलं असतं तर तो ओशाळला असता.

बटण फिरवलं. दिवा लागला, सेट तापला आणि त्यातून शिट्टी आली. साधी शिट्टी नाही, कुकर आणि इंजिन यांनी मिळून मारावी तशी. तिच्या पाठीमागे कुठेतरी बातम्या चालल्या होत्या, पण त्या विहिरीत पडलेल्या माणसाने द्याव्यात तशा. हात जवळ नेला की शिट्टी चढे, मागे घेतला की उतरे. शनिवार तोंडावर आला होता. आता पुन्हा सगळं उसवायचं, की वहिनींना सांगून टाकायचं?

एवढ्यात दारावर थाप पडली. स्टेशनमास्तर होते.

“साहेब, तुमच्याकडे पण शिट्टी वाजतेय का? माझ्या रेडिओवर आत्ता अचानक सुरू झाली. टीव्हीवर नुसत्या आडव्या रेघा.”

पाठोपाठ वरून शिकवणीवाल्या बाई आल्या, खालून शिंपी आला. सगळ्यांच्या सेटवर तीच शिट्टी. हेडक्लार्कांना त्या क्षणी जो आनंद झाला तो मुलीच्या लग्नातसुद्धा झाला नव्हता. म्हणजे दोष त्यांच्या सेटचा नव्हता! दोष सार्वजनिक होता. आणि सार्वजनिक दोष म्हटला की त्याला समिती हवी, समितीला अध्यक्ष हवा, आणि अध्यक्ष व्हायला इमारतीत दुसरं होतं कोण?

समितीची बैठक हेडक्लार्कांच्याच घरी भरली. बैठकीत व्यत्यय नको म्हणून त्यांनी आपला सेट बंद केला. ठराव झाला, की घरोघर जाऊन शिट्टी कुठून येते ते शोधायचं. सगळी समिती वरून खालपर्यंत फिरली, प्रत्येक सेटला कान लावून बसली. शिट्टी कुठेच नव्हती. सगळे परत आले, हेडक्लार्कांनी खात्रीसाठी आपला सेट लावला, आणि शिट्टी हजर.

“बघितलंत?” हेडक्लार्क आवाज खाली आणून म्हणाले. “चोर हुशार आहे. आपण शोधायला निघालो की गप्प बसतो.”

“म्हणजे त्याची आपल्यावर नजर आहे,” शिकवणीवाल्या बाई म्हणाल्या आणि त्यांनी खिडकीचा पडदा ओढला.

वहिनी कोपऱ्यात बसून हे बघत होत्या. त्या एकदा म्हणाल्या, “अहो, एक सांगू का?” पण अध्यक्षांनी हात वर करून त्यांना थांबवलं, कारण शिंपी बोलत होता आणि शिंपी संशयित होता. त्याचं शिलाईयंत्र मोटारीवर चालत असे. अध्यक्षांच्या हुकमाने त्याने यंत्र बंद ठेवलं आणि अर्ध्या शिवलेल्या गणवेशांसमोर तो हात चोळत बसला. शिट्टी वाजतच राहिली. मग संशय स्टेशनमास्तरांच्या टीव्हीवर गेला. गच्चीवरचा त्यांचा एरियल सगळ्यात उंच, म्हणून.

“उभ्या नोकरीत मी एक गाडी चुकीच्या रुळावर जाऊ दिली नाही,” स्टेशनमास्तर म्हणाले. त्यांच्या मिशा थरथरत होत्या. “आणि तुम्ही माझ्या टीव्हीवर आळ घेता?”

“आळ नाही, चौकशी,” हेडक्लार्क म्हणाले.

“मग माझ्यापाशी यापुढे लेखी बोला.” आणि समोरचं दार आयुष्यात पहिल्यांदा धाडकन लागलं.

पक्षपाताचा ठपका नको म्हणून अध्यक्षांनी शुक्रवारी शेवटचा ठराव केला. इमारतीतले सगळे रेडिओ आणि टीव्ही तपासणीसाठी दुरुस्तीवाल्याकडे जावेत. त्यांचा स्वतःचा सेट नुकताच दुरुस्त झालेला असल्यामुळे तो तेवढा वगळावा. दुरुस्तीवाल्याने सगळ्या सेटांकडे न बघता सांगितलं, “ठेवून जा. पुढल्या आठवड्यात बघू.” अशा रीतीने इमारतीत एकच सेट उरला. हेडक्लार्कांनी तो लावला. शिट्टी वाजली.

“म्हणजे ती बाहेरून येतेय,” हेडक्लार्क म्हणाले आणि त्यांनी रेडिओच्या अडथळा निवारण खात्याला तातडीचा अर्ज धाडला. डोळ्यांवर कातडं ओढून घेतलेल्या माणसाला सूर्य दाखवूनही उपयोग नसतो, आणि अध्यक्षाला तर मुळीच नसतो.

शनिवारी दुपारी वहिनी निघाल्या. दारात त्या थांबल्या. हातातले कागद त्यांनी उगाच दोनदा नीट केले.

“अहो, त्या शिट्टीचं मला असं वाटतं—”

“तू त्याची काळजी करू नकोस. मी बघतो. तू तुझं बघ.”

वहिनींनी त्यांच्याकडे जरा वेळ बघितलं. “बरं,” त्या म्हणाल्या. “हातात काही न घेता.” आणि त्या जिना उतरून गेल्या.

भाषणाची वेळ जवळ आली तशी सगळी इमारत हेडक्लार्कांच्या खोलीत जमली, कारण सेट दुसरीकडे नव्हताच. शिंपी होता, शिकवणीवाल्या बाई होत्या. स्टेशनमास्तरही आले, पण हेडक्लार्कांकडे न बघता. “मी वहिनींसाठी आलोय,” त्यांनी भिंतीला उद्देशून सांगितलं. सेट लावला. शिट्टी इतकी मोठी होती की शिकवणीवाल्या बाईंनी कानांत बोटं घातली. हेडक्लार्कांनी काटा इकडे फिरवला, तिकडे फिरवला. कपाळावरचा घाम चष्म्यावर उतरला. सेटवर थाप मारून बघितली. निवेदिका शिट्टीच्या पलीकडून काहीतरी सांगत होती आणि त्यातला एक शब्दही कळत नव्हता.

अशा वेळी अडथळा निवारण खात्याचा निरीक्षक आला. सरकारी खातं वेळेवर येण्याचा हेडक्लार्कांच्या आयुष्यातला हा एकमेव प्रसंग, आणि तो त्यांच्या मुळावर आला होता. निरीक्षकाच्या गळ्यात एक पेटी होती, हातात तारेचं कडं होतं, कानांवर ऐकण्याच्या वाट्या होत्या. तो कोणाशी न बोलता कडं फिरवत आत आला. माणसं बाजूला झाली. तो खिडकीपाशी गेला, परत फिरला, टेबलापाशी आला आणि पेटीतला काटा टोकाला जाऊन आदळला.

“अर्जदार कोण?”

“मी,” हेडक्लार्क म्हणाले.

“सेट कोणाचा?”

“माझा.”

निरीक्षकाने कानांवरच्या वाट्या काढल्या. “तक्रार करणारे तुम्ही आणि जिच्याबद्दल तक्रार ती वस्तूही तुमचीच. असं माझ्या नोकरीत पहिल्यांदाच होतंय. हा सेट ऐकत नाहीये, ओरडतोय. एरियलवरून सगळ्या गल्लीला ओरडून सांगतोय. बंद करा. सील लावतो.”

शिंप्याने आपल्या रिकाम्या हातांकडे बघितलं. स्टेशनमास्तरांनी पहिल्यांदाच मान वळवून हेडक्लार्कांकडे बघितलं, आणि हेडक्लार्कांना जमीन दुभंगेल तर बरं असं झालं. त्यांना स्वतःची लाज वाटली, पण त्याहून मोठी भीती दुसरीच होती. वहिनी या क्षणी कुठल्यातरी बंद खोलीत माईकसमोर बसल्या असतील. त्या बोलतील, आणि ते बोलणं इथे कोणापर्यंतही पोचणार नाही. घरी येऊन त्या विचारतील. आणि आपल्याकडे पुन्हा ‘हं’शिवाय काही नसेल.

“एक मिनिट,” हेडक्लार्क म्हणाले. “ओरडतो म्हणजे काय?”

“आतला मोठा झालेला आवाज परत पहिल्या पायरीत शिरतोय. ती त्याला पुन्हा मोठा करते, तो पुन्हा शिरतो. असं गोल-गोल.”

हेडक्लार्कांच्या डोळ्यांसमोर एक मोडकी खुर्ची उभी राहिली. मग रंगवायला काढलेली कचेरी. मग एकमेकांना चिकटलेली दोन टेबलं.

“अरे देवा,” ते हळूच म्हणाले. “जावक आवकेत पडतेय. आणि टेबलं मीच चिकटवलीत.”

त्यांनी सेट झटकन आडवा केला, कात्री घेतली आणि लाल फीत कापली. एकेक गाठ सुटत गेली. पण माणसासारखी वायरीलाही सवय लागते. फीत गेली तरी वायरी तशाच बिलगून पडून राहिल्या आणि शिट्टी तशीच वाजत राहिली. हात घालायची सोय नव्हती, झटक्याची आठवण ताजी होती. हेडक्लार्क स्वयंपाकघरात धावले आणि लाटणं घेऊन आले. लाकडी लाटण्याच्या टोकाने त्यांनी स्पीकरची वायर एरियलच्या वायरीपासून लांब ढकलली आणि तिथेच दाबून धरली. शिट्टी खाली आली, किणकिणली आणि विझली. त्या शांततेत निवेदिकेने वहिनींचं नाव घेतलं.

“हे चालणार नाही,” निरीक्षक म्हणाला. “मला सील लावायचंय. दोन साक्षीदारांच्या सह्या द्या.”

“मी साक्षीदार,” स्टेशनमास्तर पुढे झाले. त्यांनी कागद घेतला आणि खिशातून चष्मा काढून तो सावकाश पुसला. “पण वाचल्याशिवाय मी कशावर सही करत नाही. रेल्वेतली शिस्त आहे. कलम एक. ‘सदरहू’ म्हणजे कोण?”

आणि वहिनींचा आवाज खोलीत आला. घरातला आवाज पेटीतून आला की ओळखीचा असूनही परका वाटतो. हेडक्लार्क टेबलावर वाकून, हात ताणून, लाटणं दाबून उभे होते. हलायची सोय नव्हती.

“माझ्या घरी एक ‘हं’ राहतो,” वहिनी सांगत होत्या. “एक पेपर वाचतानाचा हं आहे, तो लांब असतो. एक जेवतानाचा आहे, तो नाकातून येतो. एक झोपेतलाही आहे, आणि खरं सांगायचं तर तोच सगळ्यात लक्ष देऊन दिलेला वाटतो.”

शिंपी फसकन हसला. शिकवणीवाल्या बाईंनी तोंडावर रुमाल धरला. हेडक्लार्कांचे कान तापले. वहिनी पुढे बोलत होत्या, फितीत बांधलेल्या छत्र्यांबद्दल, गाठ सोडवेपर्यंत माणूस भिजतो त्याबद्दल. खोली आता मोकळेपणी हसत होती. निरीक्षकसुद्धा हसत होता. आणि तेव्हा हेडक्लार्कांच्या लक्षात आलं की हे थांबवणं अगदी सोपं आहे. लाटणं तसूभर ढिलं सोडायचं, बस. शिट्टी येईल, वहिनींचा आवाज बुडेल, आणि हात दुखला असं सांगितलं तर कोणी दोष देणार नाही. हात खरंच दुखत होता. खांद्यात कळ येत होती, लाटण्याचं टोक थरथरत होतं, आणि क्षणभर शिट्टीचा बारीक धागा वर आलासुद्धा.

हेडक्लार्कांनी दात आवळले आणि दुसरा हातही लाटण्यावर लावला. शिट्टी गेली.

“मला बोलायला येत नाही असं नाही,” वहिनी म्हणत होत्या. “पण गोष्ट सांगणाऱ्याला एका शब्दाची गरज असते. ‘मग?’ एवढाच शब्द. तो आला नाही की गोष्ट जिथे असेल तिथे थांबते. आमच्या घरात माझ्या अशा पुष्कळ गोष्टी अर्ध्यावर उभ्या आहेत. एक सांगते. परीक्षेच्या दिवशी मी चुकीच्या बसमध्ये चढले. शेजारी एक म्हातारी बसली होती. तिने कापड झाकलेला एक पिंजरा माझ्या मांडीवर ठेवला, म्हणाली, पोरी, एवढा धर, मी आलेच, आणि ती उतरून गेली. बस सुटली. पिंजऱ्यात काहीतरी हललं. लग्नानंतर हे मी घरी सांगायला घेतलं होतं. ह्यांनी हं म्हटलं आणि कात्री कुठे आहे विचारलं. मी थांबले. इतकी वर्षं झाली. तो पिंजरा अजून माझ्या मांडीवरच आहे.”

कोणी हसलं नाही. कात्री टेबलावर, कापलेल्या लाल फितीत पडली होती. हेडक्लार्कांना ती बस आठवत नव्हती, म्हातारी आठवत नव्हती, काहीच आठवत नव्हतं. त्यांचा चष्मा धुरकटला आणि पुसायला हात मोकळा नव्हता.

पेटीतून निवेदिकेने आभार मानले. वाद्यसंगीत सुरू झालं. शिंप्याने हात लांब करून बटण बंद केलं.

“कलम चार,” स्टेशनमास्तर म्हणाले, पण त्यांचं लक्ष कागदावर नव्हतं. “पिंजऱ्यात काय असेल हो?”

“पोपट,” शिकवणीवाल्या बाई म्हणाल्या.

“पोपट असता तर बोलला असता,” निरीक्षक म्हणाला. त्याची लाख आणि मेणबत्ती तशीच बाजूला पडली होती. कोणी घरी जायचं नाव काढेना.

वहिनी आल्या तेव्हा दारात चपलांचा ढीग होता. आत सगळी इमारत, एक अनोळखी सरकारी माणूस, पोट उघडं पडलेला रेडिओ, आणि मध्ये लाटणं घट्ट धरून बसलेला नवरा. त्यांनी हे सगळं एकदा बघून घेतलं. मग त्यांनी फक्त हेडक्लार्कांना विचारलं, “ऐकलंत?”

“हं,” हेडक्लार्क म्हणाले. सवयच ती.

वहिनींच्या चेहऱ्यावर काहीतरी मिटायला लागलं. हेडक्लार्क घाईने उभे राहिले.

“मग?” ते म्हणाले. “बस सुटली. पिंजऱ्यात काहीतरी हललं. मग?”

स्टेशनमास्तरांनी आपली खुर्ची वहिनींसाठी पुढे सरकवली. त्या बसल्या, पर्स खाली ठेवली आणि नवऱ्याच्या हाताकडे बोट दाखवलं.

“आधी ते लाटणं ठेवा.”

हेडक्लार्कांनी लाटणं टेबलावर ठेवलं. बोटं आखडली होती, ती एकेक करून उघडावी लागली. निरीक्षकाने सीलबद्दल काही विचारायला तोंड उघडलं, तेव्हा शिंप्याने त्याला खुणेनेच गप्प केलं.

“बस सुटली,” वहिनींनी सुरुवात केली, “आणि मी पिंजऱ्यावरचं कापड जरासं वर केलं.”

“हं,” हेडक्लार्क म्हणाले, समोर बसून, रिकामे हात गुडघ्यांवर ठेवून, अगदी योग्य जागी.